शटल बसच्या इमर्जन्सी एक्झिटचा रिकॉल: सारखे विचारले जाणारे प्रश्न

मी बसच्या मेंटेनन्सचं काम बघतो. शटल म्हणजे एअरपोर्ट, हॉटेल, हॉस्पिटल, कंपनीचा स्टाफ असल्या फेऱ्या मारणाऱ्या पंधरा ते तीस-पस्तीस सीटच्या बस. इमर्जन्सी एक्झिटसाठी रिकॉल निघाला की मालक, ड्रायव्हर आणि प्रवासी सगळे फिरून फिरून तेच विचारतात, म्हणून एकदाच लिहून टाकतोय. काही उत्तरं लांबलीत, काही एका ओळीत संपलीत, कारण विषयच तसा आहे.

रिकॉल म्हणजे कंपनी बस परत घेऊन जाणार का?

नाही हो. नाव तसं आहे म्हणून सगळे घाबरतात. बनवणाऱ्याने किंवा सरकारी यंत्रणेने ठरवलेलं असतं की या या काळात बनलेल्या या मॉडेलमध्ये सेफ्टीचा दोष आहे किंवा ती गाडी नियमात बसत नाही, आणि तो दोष बनवणाऱ्याने स्वतःच्या खर्चाने काढून द्यायचा. बस तुमचीच राहते, एक-दोन फेऱ्या बुडतात, बस्स.

आमच्या बसला तर कधी काही झालं नाही, मग दोष कसला?

हा प्रश्न नेहमी येतो आणि याच्यातच सगळी गोम आहे. ब्रेक खराब झाला तर पहिल्याच सिग्नलला कळतं, एसी बंद पडला तर पाच मिनिटांत मागून ओरडा सुरू होतो. इमर्जन्सी खिडकी मात्र बंद असताना चांगली आणि खराब एकसारखीच दिसते, पाच वर्षं कोणी हात लावत नाही आणि ज्या दिवशी हात लागतो त्या दिवशी ट्रायल घ्यायला वेळ नसतो. त्यामुळे 'काही झालं नाही' याचा अर्थ एवढाच की कोणी उघडून बघितलेली नाही.

एक्झिटमध्ये काय काय धरायचं?

दांडी उचलून किंवा खटका ओढून बाहेर ढकलायच्या खिडक्या, मागचं दार, छतावरची हॅच म्हणजे छतातलं ढकलून उघडायचं छोटं दार, आणि काही गाड्यांत बाजूचं दार. पुढचं चढायचं दारही आतून हाताने उघडता यायला हवं, म्हणजे दार चालवणारी दाबाची हवा गेली किंवा बॅटरी गेली तरी. त्याचा लाल नॉब किंवा लिव्हर बहुतेक दाराच्या वर एका झाकणाखाली असतो आणि आमच्याकडच्या निम्म्या ड्रायव्हरना तो कुठे आहे हे विचारल्यावर शोधावा लागला होता.

किती एक्झिट पाहिजेत हे देशाच्या नियमावर. अमेरिकेत २१७ नंबरचं स्टँडर्ड आहे, १९७३ पासून लागू. त्यात शाळेच्या बस सोडून बाकीच्या बसना साधारण असा हिशोब आहे की दर सीटमागे ४३२ चौरस सेंटीमीटर मोकळी जागा बाहेर पडायला हवी आणि त्यातली निदान ४० टक्के डाव्या बाजूला, ४० टक्के उजव्या बाजूला. एकच भलं मोठं दार लावून सगळा हिशोब पुरा करता येत नाही, कारण एका एक्झिटची जास्तीत जास्त ३,४५८ चौरस सेंटीमीटरच जागा धरतात. युरोपात आणि इतर बऱ्याच देशांत युनोचं १०७ नंबरचं रेग्युलेशन चालतं, भारतात बस बॉडी कोड म्हणजे एआयएस-०५२. आकडे वेगळे असले तरी विचार एकच, एक बाजू जमिनीला टेकली तरी दुसरीकडून माणसं निघाली पाहिजेत.

दोष नेमके कसले निघतात?

खूप प्रकारचे, आणि बहुतेक वेळा इतके फालतू की विश्वास बसत नाही.

एक म्हणजे खटका जड जातो. दांडीवर पावडर कोटिंग जाड बसलंय, स्प्रिंग जास्त कडक आहे किंवा रबर बीडिंग काचेला चिकटून बसलंय. दुसरा याच्या उलटा, खटका नीट धरतच नाही आणि खिडकी चालत्या गाडीत उघडते किंवा अख्खी फ्रेम बाहेर लोंबते. तिसरा, बिजागरीचे स्क्रू पातळ पत्र्यात मारलेले असतात, मागे मजबूत पट्टी नाही, म्हणजे खिडकी उघडते खरी पण हातात येते. चौथा, मागच्या दाराचं बाहेरचं कुलूप लावलं की आतलं हँडलही अडकतं, म्हणजे रात्री चोरीच्या भीतीने लावलेलं कुलूप सकाळी काढायचं राहिलं तर आतल्या लोकांसाठी ते दार नाहीच. बऱ्याच बसमध्ये म्हणूनच इंटरलॉक असतो, मागचं दार कुलूपबंद असेल तर गाडी स्टार्टच होत नाही किंवा बझर वाजतो, आणि कधी कधी रिकॉल या इंटरलॉकच्या वायरिंगचाच असतो. पाचवा, एखादी सीट अशी बसवलेली असते की खिडकी उघडली तरी माणूस जाईल एवढी जागा उरत नाही. आणि स्टिकरचे रिकॉल तर कितीतरी, सूचना चुकीची छापलीय, बाण उलटा आहे, किंवा स्टिकर खटक्यापासून फार लांब चिकटवलाय.

मी स्वतः बघितलेला एक सांगतो. सतराएक सीटची गाडी, बाहेरून झकास. उजवीकडची तिसरी खिडकी उघडायला गेलो तर लाल दांडी वर झाली पण खिडकी हलेना. ड्रायव्हर काका म्हणाले थांबा साहेब, खांदा लावतो. दोघांनी खांदा लावला तेव्हा चर्रर्र असा चिकटपट्टी उपटल्यासारखा आवाज आला आणि खिडकी एकदम सुटली, काका अर्धे बाहेर. बघितलं तर बॉडी रंगवताना रबरावर रंग आणि सीलंट दोन्ही गेलेलं, वाळून त्याचा डिंक झालेला. दोन धट्टेकट्टे बाप्ये, भर दुपारी, उभ्या गाडीत, आणि तरी हे. त्या खिडकीशेजारी रोज एक आजी बसायच्या.

मग किती जोरात उघडली पाहिजे?

अमेरिकेच्या स्टँडर्डमध्ये याचे आकडे आहेत आणि ते लक्षात ठेवायला सोपे आहेत. खटका अशा जागी असेल जिथे माणसाला धड जोर लावता येत नाही तर ८९ न्यूटनपेक्षा जास्त ताकद लागता कामा नये, म्हणजे अंदाजे ९ किलो. जिथे पाय रोवून जोर लावता येतो तिथे २६७ न्यूटन, म्हणजे २७ किलोच्या आसपास. बॅगा मोजायचा हुकवाला डिजिटल काटा असतो ना, तो दांडीला अडकवून ओढला की साधारण कल्पना येते. लॅबमधली टेस्ट नव्हे ती, पण काटा चाळीस दाखवत असेल तर वाद घालायला काही उरत नाही.

उघडल्यावर जागा किती हवी याचंही माप आहे, ५० सेंटीमीटर रुंद आणि ३३ सेंटीमीटर जाड असा चपटा गोळा त्यातून अडथळ्याशिवाय आरपार गेला पाहिजे. म्हणजे साधारण एका माणसाचे खांदे.

पत्र कोणाकडून येणार, चासीवाल्याकडून की बॉडीवाल्याकडून?

इथे लोक जाम घोळ घालतात. शटल बस बहुतेक दोन टप्प्यांत बनते. एक कंपनी इंजिन, चासी आणि पुढची केबिन देते, दुसरी त्याच्यावर बॉडी चढवते, खिडक्या, दारं, सीट लावते. खिडकी आणि तिचा खटका तर तिसऱ्याच कंपनीकडून विकत घेतलेले असतात. बोनेटवर चासीवाल्याचा बिल्ला असतो म्हणून मालक त्याच्या शोरूमला फोन करतो, तिथला माणूस कॉम्प्युटरवर बघून म्हणतो तुमच्या गाडीला काही रिकॉल नाही, आणि मालक खूश होऊन फोन ठेवतो. अरे पण रिकॉल बॉडीवाल्याचा आहे!

म्हणून ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीत किंवा स्टेपवर जी प्लेट किंवा स्टिकर असतात त्यांचा फोटो काढा. एक चासीवाल्याचं असेल, दुसरं शेवटी गाडी पूर्ण करणाऱ्याचं. दोघांकडेही चौकशी करायची, दोघांनाही १७ अक्षरांचा चासी नंबर द्यायचा आणि बॉडीवाल्याला त्यांचा बॉडी नंबर पण.

सेकंडहॅन्ड घेतलीय, पत्र आलंच नाही.

येणारच नाही, कारण पत्र रजिस्टर्ड मालकाच्या पत्त्यावर जातं. शटल बस हात फार बदलतात, आधी हॉटेलकडे, मग कॉन्ट्रॅक्टरकडे, मग एखाद्या संस्थेकडे, आणि पत्र कुठल्यातरी बंद ऑफिसच्या पेटीत पडून असतं. अमेरिकेत एनएचटीएसए म्हणजे तिथली रस्ता सुरक्षेची सरकारी यंत्रणा, तिच्या साइटवर चासी नंबर टाकून बघता येतं. इतर ठिकाणी थेट बनवणाऱ्याला लेखी विचारा, ईमेल करा, फोनवरचं तोंडी उत्तर धरू नका.

पत्र आलं, पण त्यात लिहिलंय पार्ट अजून तयार नाहीत. हे काय?

असं होतं. अमेरिकेत बनवणाऱ्याने यंत्रणेला दोष कळवल्यावर साधारण ६० दिवसांच्या आत मालकाला पत्र जावं लागतं, मग पार्ट असोत नसोत. नसतील तर पहिलं पत्र नुसतं माहितीचं आणि तयार झाले की दुसरं. लोक पहिलं पत्र वाचतात, चिडतात, फेकतात आणि दुसरं आलं की 'हे तर आधीच आलं होतं' म्हणून तेही फेकतात. दोन्ही एकाच फाइलला लावा.

मग तोपर्यंत बस चालवायची की उभी करायची?

पत्रात याबद्दल स्पष्ट लिहिलेलं असेल तर तेच करायचं, त्याच्यावर माझं किंवा कोणाचंच शहाणपण नको. चालवू नका म्हटलं असेल तर नाही चालवायची.

पत्र गप्प असेल तर मी असा विचार करतो. दोष एका खिडकीचा आहे की त्या बाजूच्या सगळ्याच खिडक्यांचा? स्टिकर चुकीचा असेल तर आज दुपारीच तात्पुरती सूचना मोठ्या अक्षरात छापून लावता येते आणि गाडी जाऊ शकते. खटका उघडतच नसेल आणि त्याच बनावटीचा खटका सगळीकडे असेल तर एका बाजूची माणसं बाहेर पडणारच नाहीत, मग ती गाडी माझ्या मते फेरीला लावू नये, दुसरी बस भाड्याने घ्या. मधल्या केसमध्ये म्हणजे एखादीच एक्झिट गेलेली असेल तर बनवणाऱ्याला आणि तिथल्या परिवहन खात्याला लेखी विचारा, त्या एक्झिटजवळच्या सीट रिकाम्या ठेवा, आणि त्या एक्झिटवर 'बंद' असं लिहा. हे शेवटचं लोक विसरतात. धुरात माणूस पहिल्यांदा शेजारच्या खिडकीकडेच जाणार आणि ती उघडत नसेल तर तिच्याशीच झटत बसणार. अर्थात 'बंद' लिहिलं म्हणजे गाडी नियमात बसली असं नाही, ते फक्त पार्ट येईपर्यंतचे चार दिवस.

खिडकी चालत्या गाडीत उघडते, मग स्क्रू मारून पक्की केली. चालेल ना?

नाही. नाही. नाही. मला कळतं का केलं ते, लहान मूल टेकून बसलं आणि खिडकी उघडली तर काय, ही भीती खरीच आहे. पण स्क्रू मारलात म्हणजे एक्झिटची भिंत केलीत, आणि वर लाल अक्षरात एक्झिट लिहिलेलं तसंच. झिप टाय, तार, बाहेरून लावलेली जाहिरातीची मोठी फिल्म जी फ्रेमच्या फटीवरून एकसंध जाते, हे सगळं त्यातच आलं. त्या सीट रिकाम्या ठेवा आणि गाडी आधी दुरुस्तीला न्या.

काच फोडायची हातोडी ठेवली की झालं, नाही का?

काच कुठली आहे त्यावर. टफन्ड काच असेल तर टोकदार हातोडीने कोपऱ्याजवळ मारली की तिचा भुगा होतो. मधोमध मारू नका, तिथे काच लवचिक असते. पण लॅमिनेटेड काच असेल, म्हणजे मध्ये प्लास्टिकचा पडदा असलेली, पुढची काच अशीच असते आणि हल्ली बाजूलाही लावतात, तर हातोडीने फक्त जाळं पडेल, भोक पडणार नाही. तिथे उघडणारा खटका हाच रस्ता. काचेच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात प्रकार छापलेला असतो, बघून घ्या. आणि हातोड्या जागेवर आहेत का तेही बघा, घरी घेऊन जाणारे महाभाग असतात.

बस आडवी झाली तर या खिडक्या कशा उघडायच्या?

चांगला प्रश्न आहे आणि फार कमी लोक विचारतात. ढकलायच्या खिडक्यांची बिजागरी वर असते. बस उभी असेल तर खालून ढकलली की उघडते. आडवी झाली की एका बाजूच्या खिडक्या जमिनीखाली आणि दुसऱ्या बाजूच्या डोक्यावर छतासारख्या, म्हणजे अख्खी फ्रेम काचेसकट वर उचलायची आणि माणूस बाहेर पडेपर्यंत धरून ठेवायची, नाहीतर पुढच्याच्या डोक्यात धाडकन पडणार. अमेरिकेतल्या एनटीएसबी या अपघात चौकशी करणाऱ्या संस्थेने १९९९ मध्येच म्हटलंय की अशा एक्झिट सहज उघडल्या पाहिजेत आणि उघड्याच राहिल्या पाहिजेत. या स्थितीत छतावरची हॅच सोन्यासारखी, कारण आता ती भिंतीतलं दार झालेली असते, सरळ रांगत बाहेर. म्हणून हॅचला हवा येते, पाणी गळतं म्हणून सिलिकॉन भरून बंद करणाऱ्यांचा मला भयंकर राग येतो.

मागच्या दारापुढे बॅगा ठेवल्या तर? जागाच नसते हो.

एक खरी घटना सांगतो. १४ मे १९८८, अमेरिकेत केंटकी राज्यात कॅरोल्टन गावाजवळ रात्री एक बस आणि दारू पिऊन चुकीच्या बाजूने आलेला पिकअप यांची समोरासमोर धडक झाली. बस आधी शाळेची होती, नंतर एका चर्चने घेतलेली, आत ६७ जण, बहुतेक मुलं. पुढचं दार धडकेत निकामी झालं, इंधनाची टाकी त्याच बाजूला होती, तिथूनच आग लागली. उरलं मागचं एक दार. तिथे सगळे एकदम धावले, मागच्या सीटमधून वाट अरुंद, आणि वाटेत ग्रुपचाच थंड पेयांचा कूलर ठेवलेला. २७ जण गेले, धडकेने नाही, आगीने आणि धुराने. त्यानंतर शाळेच्या बसना जास्त एक्झिट लावायचे नियम आले.

कूलर ठेवणाऱ्याने काही वाईट मनात आणून ठेवला नव्हता. जागा नव्हती म्हणून ठेवला, तुम्ही बॅगा ठेवता तसाच.

बझर सारखा वाजतो म्हणून वायर काढलीय. रिकॉलच्या वेळी सांगू का?

सांगा, आणि आधी जोडा. बझर उगीच वाजत नाही, दार पूर्ण लागत नसेल किंवा स्विच सरकलेला असेल. वायर काढलेली गाडी नेलीत तर मेकॅनिकला मूळ दोष दिसणारच नाही आणि तो 'ओके' लिहून परत पाठवेल.

पैसे लागतात का?

रिकॉलच्या कामाला सहसा नाही, पण वयाची मर्यादा असते. अमेरिकेत गाडी १५ वर्षांच्या आतली असेल तर मोफत करून द्यावं लागतं. भारतात २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात ११०-अ हे रिकॉलचं कलम आलं, नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले आणि ते सात वर्षांच्या आतल्या गाड्यांना लागतात. पत्र यायच्या आधीच तुम्ही स्वखर्चाने तोच दोष काढला असेल तर बिल जपून ठेवा, बऱ्याच रिकॉलमध्ये परतावा मागता येतो. गाडी पडून राहिली त्या दिवसांचं भाडं मात्र कोणी सहज देत नाही, त्याचा करार वेगळा असेल तर बघा.

दुरुस्तीत काय करतात? किती वेळ लागतो?

दोषावर आहे. स्टिकर असेल तर चहा होईपर्यंत. खटका बदलायचा तर खिडकीमागे थोडा वेळ. बिजागरीमागे पट्टी टाकायची असेल किंवा सीट सरकवायची असेल तर गाडी एक-दोन दिवस सोडावी लागते, कारण सीट सरकवली की तिचं फ्लोअरमधलं अँकरिंग आणि बेल्टही नव्याने धरावे लागतात. 'सीट दोन बोल्टवर ठेवून दिली' असं कोणी म्हणालं तर गाडी ताब्यात घेऊ नका.

काम झालं म्हणून कागद मिळाला. आता निवांत?

कागद घ्याच, त्यावर रिकॉल नंबर, चासी नंबर आणि तारीख आहे का बघा. पण गाडी गेटबाहेर काढायच्या आधी प्रत्येक एक्झिट स्वतः उघडा, ज्या बदलल्या नाहीत त्याही. आतून उघडा, बसून उघडा, उभं राहून उघडा. एखादी किरकोळ बांध्याची व्यक्ती सोबत असेल तर तिला उघडायला लावा. पूर्ण बाहेर ढकला, नुसता खटका टक् वाजला म्हणजे उघडली असं नसतं. मग बंद करा आणि बाहेरून ओढून बघा, नीट धरतेय का. एकदा आमची गाडी अशी परत आली की नवे खटके सगळे मस्त, फक्त एक डावीकडचा उजवीकडे बसवलेला, त्यामुळे बाणाच्या दिशेने ओढला की तो अजून घट्ट होत होता. कागदावर 'काम पूर्ण'.

ड्रायव्हरने रोज काय बघायचं?

पहिल्या फेरीआधी मागच्या दाराचं कुलूप काढलंय का, दार आतून उघडतंय का, बझर वाजतोय का, वाट मोकळी आहे का. याला तीन मिनिटं. खिडक्या आणि हॅच आठवड्यातून एकदा पूर्ण उघडून. रबराला ग्रीस लावू नका, धूळ धरतं, सिलिकॉन स्प्रे मारा.

मी नुसता प्रवासी आहे, मी काय करणार?

बसल्यावर तुमच्या जवळची एक्झिट कुठली, दांडी वर उचलायची की खाली ओढायची, एवढं वाचा. चालत्या गाडीत उघडून बघायचा उत्साह नको. खटका तुटलेला, स्टिकर फाटलेला किंवा खिडकीला तार बांधलेली दिसली तर फोटो काढा, बसचा नंबर त्यात येऊ द्या आणि चालवणाऱ्या संस्थेला पाठवा. उत्तर नाही आलं तर वाहनदोषाची तक्रार घेणाऱ्या सरकारी यंत्रणेकडे, अमेरिकेत एनएचटीएसए, भारतात वाहन पोर्टलवर सोय आहे. कितीतरी रिकॉल अशाच तक्रारींचा ढीग साचल्यावर निघतात, एकट्याच्या तक्रारीने काय होणार असं धरून बसू नका.

आमच्या दहा बसपैकी तीनच रिकॉलमध्ये आल्यात. बाकीच्या सात ठीक समजायच्या?

रिकॉल ठरावीक तारखांमध्ये बनलेल्या गाड्यांचा असतो, त्यामुळे कागदोपत्री हो. पण त्याच बॉडीवाल्याच्या, तोच खटका असलेल्या सात गाड्या आवारात उभ्या आहेत, काटा हातात आहे आणि माणूसही आहे, तर संध्याकाळी फेऱ्या संपल्यावर ओळीने उघडून बघा. आम्ही बघितल्या तेव्हा रिकॉलमध्ये नसलेल्या दोन गाड्यांत मिळून तीन खिडक्या अडल्या. बॉडीवाल्याला फोटो आणि काट्याचे आकडे पाठवलेत, उत्तराची वाट बघतोय, त्या दोन गाड्या अजून आवारातच आहेत.